मॅकचे राठ केस

ता. ८ एप्रिल १९६८, सोम. जळगाव

बाई, माफी असावी. धुळ्याहून विलायतेला निघताना तुम्ही ही वही हातात दिलीत, मॅकबद्दल रोज दोन ओळी लिही म्हणालात, मी परत आले की वाचीन म्हणालात. आणि पहिली ओळ आज. आधी शाई नव्हती. शाई आणली तर हात धजेना. चौथी पास माणूस. तुमच्या बागेच्या वहीत मी काय लिहायचो? गुलाबाला शेणखत दिले, मोटेचा पाट फुटला. कुत्र्याचं काय लिहायचं असतं, ते कळेना.

मॅक बरा आहे. खातो. भुंकतो जरा जास्त.

ता. १०, बुध.

राहायला मेव्हण्याच्या खोलीत आलो आहे, डाळ मिलच्या मागे. धुळ्याची माळ्याची खोली नव्या माळ्याला दिली. मेव्हणा भुसावळला असतो, खोली रिकामीच होती. दिवसभर मिलचा भुसा उडतो. मॅक शिंकतो. सकाळी नाक कोरडं होतं. ताप असेल का? दुपारी ओलं झालं. संध्याकाळी पुन्हा कोरडं. बघत बसलो.

शेजारच्या सोनाक्कांनी दारातून पाहिलं. "आबा, हाऊ कुत्रा शे का मोठा उंदीर?"

म्हटलं, विलायती आहे.

"विलायतले खावाले मिळत नही का मंग? पाय कितला आखूड शेत!"

ता. १३, शनि.

बाईंनी सांगितलेलं विसरायच्या आत लिहून ठेवतो. नंतर कुणी विचारलं तर बोलायला पाहिजे.

जात केर्न. बाईंच्या मुलखातली, स्कॉटलंडची. तिकडे डोंगराळ रान, थंडी, वारा. वावरातले दगड वेचून ढीग रचतात, आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला बांधावर रचतात तसेच. त्या ढिगांत कोल्हे दडतात, पाणमांजरं दडतात, कोंबड्या-कोकरं नेतात. मोठं कुत्रं फटीत शिरत नाही. म्हणून हे लहान कुत्रं पाळलं. आत घुसायचं, अंधारात एकट्याने भांडायचं, बाहेर माणूस कोयता घेऊन उभा. दगडाच्या ढिगाला तिकडे केर्न म्हणतात, त्यावरून नाव. साहेबलोकांचं कुत्रं नव्हेच. कुणब्याचं. नाव पण फार पुढे मिळालं, आधी आसपासच्या सगळ्या लहान कुत्र्यांना एकाच नावाने हाकारायचे. मग हौशी लोकांनी प्रदर्शनं भरवली, तेव्हा वेगवेगळ्या जाती ठरल्या.

शेपूट जाड, आखूड, मुळाशी गाजरासारखी. कुत्रं फटीत अडकलं तर शेपटीला धरून ओढायचं. बाई म्हणाल्या, देवाने मूठ बसवून दिली आहे. मला ते खरं वाटलं नव्हतं.

मॅक निलगिरीच्या चहाच्या मळ्यावरून टोपलीत बसून धुळ्याला आला. तेव्हा तो माझ्या चपलेत मावायचा. तिकडे विलायतेत नेता आला असता, पण तिकडच्या सरकारचा नियम, बाहेरून आलेलं कुत्रं आधी सहा महिने कोठडीत. बाई म्हणाल्या, बहिणीचं आजारपण किती चालेल माहीत नाही, त्याला कोठडीत घालू? मी म्हटलं, नको, मी आहे.

ता. १७, बुध.

मिलच्या गोदामात मॅकने उंदीर मारला. मान धरून एकच झटका. मग दुसरा. मुनीमजी मारवाडी, ते गादीवरून उठून बघायला आले. "आबा, हा तर शेर निघाला! हमारी मांजर फुकट दूध पिती है." त्याला जिलबी द्यायला निघाले. मी हात धरला. साखर नाही, तिखट नाही, कोंबडीचं हाड नाही. बाईंची सक्त ताकीद आहे. मुनीमजींना राग आला असावा. जाऊन माफी मागावी का? उद्या बघू.

ता. १८

माफी मागितली. मुनीमजींना काही आठवतच नव्हतं.

ता. २१, रवि.

आज जीव जायची वेळ. मॅकचा आणि माझाही.

सकाळी मेहरूणच्या तलावाकडे नेला होता. दोरी सोडू नये हे माहीत असून सोडली, कारण आसपास कुणी नव्हतं. बांधावर दगडांचा ढीग. त्याला मुंगसाचा वास लागला. मी "मॅक, मॅक" म्हणतो, तो एकदा वळून बघतो, ऐकलं म्हणतो जणू, आणि आत. या जातीचा स्वभावच असा. ऐकतात सगळं. करतात स्वतःला वाटेल ते.

आत भुंकणं, मग गुरगुरणं, मग काही नाही. दगड हलवायला गेलो तर वरचा सरकायला लागला. हात घातला तर शेपूट लागली. मागून सोनाक्का जळणाची मोळी घेऊन येत होत्या, त्या ओरडल्या, "आबा, शेपूट तुटी जाई ना!" मी डोळे मिटले आणि ओढलं. आला. कान फाटलेला, तोंडात माती, आणि पुन्हा आत जायला धडपडतो!

मला रडू आलं. अक्कांसमोर. त्यांनी मोळी खाली ठेवली. पदराने त्याचा कान पुसला.

कानाला हळद-तेल. रागावलो त्याला, तर संध्याकाळी जेवला नाही. रागावलेलं मनाला लावून घेतो. शेवटी मीच भाकर दुधात कुस्करून हातावर धरली.

ता. ३० एप्रिल, मंगळ. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

सगळीकडे झोके बांधलेत. माहेरवाशिणींची गाणी. सोनाक्कांच्या दोन्ही लेकी आल्या आहेत. माझी सखू सुरतेला, तिला सुट्टी नाही म्हणे, जावयाची मिल चालू आहे. चारा वर्षांत

(चार वर्षांत आली नाही, असं लिहायचं होतं. असो.)

"आखाजीले पोर उनी नही का आबा?" म्हटलं, पुढच्या वर्षी. त्यांनी आमरस आणि सांजोऱ्या पाठवल्या.

गेलेल्या बायकोच्या नावाने घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, सांजोरी, फुलं. हात जोडून डोळे उघडतो तो मॅक सांजोरी खाऊन मिशा चाटत बसलेला. हिला कुत्रं आवडायचं नाही. धुळ्याला असताना म्हणायची, बाईंच्या कुत्र्याशी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोलता. तेव्हा हसलो होतो.

साखर गेली पोटात. काही होणार तर नाही?

ता. ४ मे, शनि.

काही झालं नाही. पण ऊन फार. दुपारी अकरानंतर पत्र्याखाली बसवत नाही. मॅक जिभेचं पातं लांब काढून धापा टाकतो. अंगावर एवढे केस. आत मऊ लोकर, वर राठ, गवताच्या पेंढीसारखे. थंड देशाचा जीव, त्याला जळगावच्या उन्हात घोंगडी पांघरून बसवल्यासारखं. ओलं पोतं घातलं. पोत्यावरून उठून उन्हातच जाऊन पडतो, खुळा.

गेल्या वर्षी धुळ्यात बाईंच्या व्हरांड्यात वाळ्याचा पडदा होता, पंखा होता. इथे काय? याला काही झालं तर बाईंना तोंड कसं दाखवू?

ता. ६ मे, सोम.

एक काम केलं. बरं केलं असं वाटतं.

सकाळी मिलच्या मागच्या मैदानात गवळ्यांच्या म्हशी भादरायला न्हावी आला होता. उन्हाळ्यात म्हशी भादरतातच, अंगावरचे केस काढून पाणी मारलं की जनावर गार होतं. मनात आलं, म्हशीला चालतं तर याला का नाही? न्हाव्याला सांगितलं. तो हसला. पण बसला. आधी कात्री, मग वस्तरा. मी डोकं धरलेलं. मॅक सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. एकदाही चावला नाही.

न्हावी म्हणे, "आबा, म्हैस बरी. ती उभी ऱ्हास." तोंडावरचे आणि कानांवरचे केस तेवढे राहू दिले, तिथे वस्तरा चालवायला मलाच भीती वाटली.

केसांचा ढीग झाला. त्यात कुत्रं किती थोडं होतं!

सोनाक्का आल्या आणि तोंडावर हात. "हाई काय करं तुम्ही? बिचाराले नागडं करी टाकं!" म्हटलं, उन्हासाठी.

अंगावर पाणी ओतलं. गार वाटलं असावं त्याला. पलंगाखाली जाऊन बसला.

ता. ७

अजून पलंगाखालीच.

ता. ८

बाहेर आला. उन्हात नेहमीसारखा पडला, मी पाणी भरायला गेलो होतो. परत आलो तर पाठ लाल. हात लावू देत नाही. खोबरेल लावलं. माझंच जुनं धोतर फाडून त्याला गुंडाळलं.

मी स्वतः मे महिन्यात डोक्याला उपरणं गुंडाळल्याशिवाय दाराबाहेर पाय टाकत नाही. ते कळतं. हे कळलं नाही.

ता. ११ मे, शनि.

धुळ्याहून पाकीट. बाईंचं पत्र धुळ्याच्या बंगल्यावर आलं होतं, तिथल्या मिशनच्या नव्या सिस्टरने त्याचं मराठी करून पाठवलं. मुनीमजींकडून वाचून घेतलं, मग स्वतः पुन्हा दोनदा वाचलं. अर्थ तोच निघतो.

बहिणीला बरं नाही. बाई कधी येतील सांगता येत नाही. देवळाली कॅम्पात कुणी रिटायर मिलिटरीसाहेब आहेत, त्यांच्याकडे याच जातीची कुत्री आहे. ते जळगावला येऊन मॅकला बघतील. त्यांना जात अस्सल वाटली तर मॅकला त्यांच्याकडे जाऊ द्यावं. वंश राहील. आबांच्या वयाला किती त्रास द्यायचा, असंही लिहिलं आहे.

त्रास.

मॅक धोतरात गुंडाळलेला समोर बसला आहे.

ता. १२

दोन गोष्टी एकदम डोक्यात येतात. साहेब येतील आणि याला घेऊन जातील, ही एक. साहेब येतील आणि याला असा बघतील, ही दुसरी. कुठली जास्त वाईट, ते ठरत नाही. जेवण गेलं नाही.

ता. १९, रवि.

पाठीची कातडी सुटली, खाली गुलाबी. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, खोबरेल. दुपारी दार लावून आत ठेवतो. मोकळ्या अंगाला मिलचा भुसा टोचतो त्याला. खाजवतो.

केसांचे खुंट दिसायला लागलेत.

ता. ९ जून, रवि.

साहेब येऊन गेले. सकाळच्या गाडीने आले, दुपारच्या गेले. उंच, सरळ, पांढऱ्या मिशा. हातात काठी. मी मुनीमजींकडून खुर्ची मागून आणली होती, त्यावर बसले नाहीत. मॅकपाशी जमिनीवर उकिडवे बसले. आधी बोटं हुंगू दिली. मग दात बघितले, पाय बघितले, छातीला हात घातला. मॅक त्यांच्या मांडीवर पुढचे पाय टाकून उभा. कुणाच्याही अंगाशी असा जात नाही.

मग पाठीवरून उलटा हात फिरवला.

"किसने किया ये?"

मी सांगितलं. म्हशीचंही सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे.

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाबा, हे मेंढरू नाही. ये कोट इसका छप्पर है. थंडी में भी, धूप में भी. छप्पर काढून टाकलं तुम्ही." मग तोंडावरचे राहिलेले केस दाखवले. "देखो. असे केस पाहिजेत, तारेसारखे. कात्री लावली की मूळ आतच राहतं. वर मऊ कापूस येतो, रंग जातो. कातडीला हवा लागत नाही. कात्री नाही, वस्तरा नाही. बोट आणि अंगठा."

कानामागचा एक लांब केस चिमटीत धरला, केस ज्या बाजूला वाढतो त्या बाजूला हलकेच ओढला. आला. मॅकने जांभई दिली. "मेलेला केस आहे, दुखत नाही. जिवंत असेल तो येणार नाही. थोडं थोडं, रोज. दोन-तीन महिन्यांत फरक पडेल."

मी विचारलं, साहेब, नेणार का?

"ऐसे नहीं. हाडापेराने चांगला आहे, पण असा नेऊन काय करू? लोक हसतील. दिवाळीनंतर पुन्हा येतो. कोट तारेसारखा आला तर घेऊन जाईन, माझी कुत्री तरुण आहे. नाही आला तर तुम्हीच ठेवा, बाबा."

स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो. वाटेत त्यांच्या कुत्रीबद्दल बोलत होते, ती बूट पळवते म्हणाले, हसत होते. माणूस वाईट नाही. वाईट असता तर

ता. १० जून, सोम.

रात्रभर तेच डोक्यात. नाही आला तर तुम्हीच ठेवा.

तर मग करायचं काहीच नाही. बोट नाही, अंगठा नाही. नुसतं राहू द्यायचं.

आज मॅकला घेऊन बाजारातून मिरवत आलो. सोनाक्का म्हणाल्या, "आज आबा हसी ऱ्हायनात!"

ता. २ जुलै, मंगळ.

साहेब म्हणाले तसंच झालं. मऊ कापूस. रंग आधीचा गव्हाळ-काळसर होता, आता राखेसारखा. मुलं मांजर म्हणून चिडवतात. म्हटलं, चिडवू द्या. माझ्या मनाला बरं वाटतं. हे बाईंना वाचायला द्यायच्या आधी खोडायचं.

ता. १४, रवि.

पावसात भिजला की वाळत नाही. आधी अंग झटकलं की पाणी उडून जायचं, आत कातडी कोरडी. आता पाणी कापसात मुरतं. कुबट वास. चुलीपुढे धरून पुसतो, तरी ओल राहते. गोचिडही दिसत नाहीत या कापसात, बोटांनी चाचपून काढाव्या लागतात. आज बऱ्याच निघाल्या, चुलीत टाकल्या.

ता. ३१ जुलै, बुध.

बरगडीपाशी चावून चावून जखम केली. लसलसतं. बोरीक पावडर लावली, चाटून टाकतो. झोपेतसुद्धा खाजवतो. उंदरामागे जात नाही आता. मुनीमजींनी विचारलं, शेर बीमार है क्या?

ता. ५ ऑगस्ट

तसंच. जास्तच.

सोनाक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, त्या मिशीवाल्या साहेबाने काही सांगितलं होतं ना, करत का नाही? मी म्हटलं, डोळ्यांनी दिसत नाही बारीक. म्हणाल्या, "सुईमां दोरा तर रोज ववतस तुम्ही." मी आत निघून आलो.

ता. ८, गुरु.

आज मॅकने चावा घेतला. मला. जखमेला हात लावला म्हणून. जोरात नाही. मग लगेच हात चाटत बसला, कितीतरी वेळ.

मुंगसाला भिडणारा जीव. माझ्या एका हट्टापायी कोपऱ्यात बसून स्वतःचंच अंग फाडतो. मी त्याला ठेवून घेतो आहे की सडवतो आहे?

ता. ९, शुक्र.

सुरू केलं.

मांडीवर गोणपाट, गोणपाटावर मॅक. बोट आणि अंगठा. मऊ केस हातातून निसटतो. मुनीमजींकडून खडूची भुकटी आणली, बोटांना लावली, मग धरता येतो. थोडेच काढले. पहिल्यांदा हिसका दिला त्याने, मग मान टाकली.

ता. ११, रवि.

रोज सकाळी उजेडाला, दारात. मानेपासून पाठीकडे. जखमेच्या आसपास नाही. सोनाक्का: "आबा, कोंबडी सोली ऱ्हायनात का?" म्हटलं, हो, तुम्ही मसाला वाटा. त्या हसून हसून पायरीवर बसल्या. किती दिवसांनी कुणी माझ्या बोलण्याला हसलं.

ता. २३, शुक्र. पोळा.

बैलांची मिरवणूक. मॅक प्रत्येक बैलावर भुंकला, एकालाही सोडलं नाही. बैलाच्या खुराएवढं कुत्रं! अक्कांच्या नातवंडांनी त्याच्या पाठीवर गेरूचा हात उमटवला, उगवत्या केसांवर. आधी रागावलो, मग राहू दिलं.

जखम सुकली. खपली धरली.

ता. १ सप्टें., रवि.

खाली नवीन केस. बोटाला टोचतात. राठ.

किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. आणि त्याच्या मागोमाग आठवलं, साहेब दिवाळीनंतर येणार.

ता. ३, मंगळ.

बाईंना पत्र लिहिलं. धुळ्याच्या सिस्टरच्या हाती, त्या इंग्रजी करून पुढे पाठवतील. चार वेळा लिहून फाडलं. भादरल्याचं लिहिलं, लपवलं नाही. केस आता बरे येत आहेत तेही लिहिलं. खाली विचारलं: बाई, तुम्ही परत येणार असलात तर तोपर्यंत मी सांभाळीन. आणि येणार नसलात तर मॅकला माझ्याकडेच ठेवू का? वंश राहत नाही हे मला कळतं. पण तो मला ओळखतो.

शेवटचं वाक्य सिस्टर इंग्रजीत कसं लिहितील कुणास ठाऊक.

ता. १६, सोम.

पोस्टमनला विचारलं. नाही.

ता. २०

नाही. पोस्टमन आता लांबूनच हात हलवतो.

मॅकची नखं वाढली होती, कानस लावून घासली. कान आतून पुसले. दात कापडाने. हे सगळं बाईंनी शिकवलेलं. हात आपोआप करतात, डोकं टपालात.

ता. २९, रवि.

आता पाठ भरली. वर राठ, आत लोकर. गव्हाळ, टोकांना काळसर, आधीपेक्षा गडद. वाढत्या वयात या जातीचा रंग बदलत जातो, बाई म्हणायच्या. पावसात जाऊन आला, अंग झटकलं, कोरडा! दोन उंदीर मारले. मुनीमजींनी गोदामातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले.

बोटं थांबवावी असं एकदा मनात आलं. पोट आणि मांड्या अजून मऊ आहेत. तेवढंच राहू दिलं तर साहेब म्हणतील का, अजून नाही? थांबलो एक दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपण होऊन गोणपाटावर येऊन आडवा झाला. माझी वाट बघत.

काय करणार? काढले.

ता. ४ ऑक्टो., शुक्र.

दसरा झाला. सोनाक्का सोनं द्यायला आल्या. मॅकच्या पट्ट्यातही आपट्याचं पान खोचलं. म्हटलं, दिवाळीनंतर नेतील याला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना आबा, कुत्राच शे." मग म्हणाल्या, "तुमनाच शे पन तो."

ता. १०

सखूचं कार्ड. दिवाळीला सुरतेला या, बाबा. कुत्रं कुठेतरी ठेवून या, चाळीत जागा नाही.

उत्तर दिलं नाही अजून.

ता. २१, सोम. लक्ष्मीपूजन.

फटाक्यांना मॅक भीत नाही, चिडतो. भुईचक्रावर धावून गेला, मिशी जळाली थोडी. साहेबांना आता मिशीबद्दल काय सांगू? पुन्हा तोच माणूस, पुन्हा तीच चूक म्हणतील. पण थोडीच जळाली आहे. चिमटीने काढली तेवढी.

सुरतेला गेलो नाही. पणत्या दोन लावल्या.

ता. २५ ऑक्टो., शुक्र.

साहेबांचं कार्ड. येत्या शुक्रवारी, एक तारखेला, सकाळच्या गाडीने. सोबत बास्केट आणतील. मॅकची बसायची चादर आणि खायचं काय ते लिहून ठेवा, असं आहे.

बास्केट आणतील म्हणजे बघायच्या आधीच ठरवलं का?

ता. २७, रवि.

आज पूर्ण अंगावरून उलटा हात फिरवून बघितला, साहेबांसारखा. पाठ, बरगड्या, मांड्या, गळा. कुठे मऊ लागत नाही. मीच केलं हे. इतकं नीट काम मी बागेत कधी केलं नव्हतं.

लबाडी करता येईल. अजून वेळ आहे, कात्री सोनाक्कांकडे आहे. विचार आला, लिहून टाकला. करणार नाही. त्याला पुन्हा तशी खाज लागलेली बघवणार नाही.

साहेबांपाशी दुसरं कुत्रं असेल खेळायला. मोकळं आवार. थंड हवा. मांडीवर पाय टाकून उभा राहिला होता त्यांच्या.

माझ्यापाशी मी.

ता. २९, मंगळ.

धुळ्याला जाऊन आलो एस.टी.ने, मॅकला सोनाक्कांकडे ठेवून. सिस्टरना विचारलं, बाईंचं काही आलं का. नाही म्हणाल्या. माझं पत्र त्यांनी पाठवलं होतं, नक्की पाठवलं. बहिणीचं आजारपण वाढलं असेल. किंवा टपाल समुद्रात असेल. बंगल्याच्या बागेत गुलाब वाळलेत, नव्या माळ्याला बोललो नाही.

घरी आलो तर मॅक दारात. अक्का म्हणाल्या, सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला नाही, रस्त्याकडे तोंड करून बसून होता.

बाई, वही तुमच्यासाठी आहे म्हणून वहीतच लिहितो. पत्रात हे लिहवत नाही. साहेबांना मी नाही म्हणू शकत नाही, कारण कुत्रं माझं नाही. हो म्हणायला तोंड उघडत नाही. ते आले की मॅकला मांडीवर घेतील, हात फिरवतील, त्यांच्या बोटांना केस टोचतील आणि ते हसतील. मग मला काहीतरी बोलावं लागेल. काय बोलू, ते तुम्हीच सांगायचं आहे. दे म्हणा किंवा ठेव म्हणा. तारेने म्हणा, कार्डावर म्हणा, सिस्टरच्या हाती म्हणा. मी उद्याही पोस्टात जाऊन बसणार आहे, परवाही. शुक्रवारची गाडी यायच्या आधी तुमचा एक शब्द येऊ द्या.